सातव्या स्लाइडवर अडलेली माणसं

आवाज कधी सुरू करायचा, कधी थांबवायचा आणि थांबल्यावर समोरच्या माणसाला काय करू द्यायचं, हे ठरवण्याचा मला पगार मिळतो. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी एवढंच सांगते. मग समोरची बाई विचारते, "म्हणजे डीजे का?" मी हो म्हणून टाकते. खरं सांगायला बसले तर पंगत उठून जाईल.

खरं असं आहे. सुरतेत रिंग रोडजवळ एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. कारखान्यात नवीन लागणाऱ्या कामगारांना सुरक्षेचे नियम शिकवणारे धडे आम्ही कॉम्प्युटरवर बनवतो. एकामागून एक स्लाइड येते, चित्रं हलतात, एक आवाज समजावून सांगतो, कामगार टॅबवर बटन दाबत पुढे जातो आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं देतो. या आवाजाला वेसण घालायला दोन गोष्टी असतात. एक व्हेरिएबल, म्हणजे कॉम्प्युटरने लक्षात ठेवायची खूण: आवाज संपला, हो की नाही. दुसरी ट्रिगर, म्हणजे हुकूम: हे झालं की ते कर. आवाज संपला की खूण 'हो' कर. खूण 'हो' झाली की करडं बटन हिरवं कर. ऐकायला पोरखेळ वाटतो. करायला बसलं की नाकी नऊ येतात.

कारण हुकूम ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने पाळले जातात, आणि एक हुकूम चुकून दुसऱ्याच्या वर गेला की सगळंच फसतं. माणूस मागच्या स्लाइडवर गेला तर तिथला आवाज पुन्हा सुरू होतो, पण पुढच्या स्लाइडचा थांबवायचा राहिलेला असतो, आणि मग दोन आवाज एकमेकांवर चढून बोलतात, एका चुलीवरच्या दोन जावांसारखे. आवाज बंद करायचं बटन दिलं तर ते त्या स्लाइडपुरतंच ऐकतं आणि पुढच्या स्लाइडवर ये रे माझ्या मागल्या. तो प्रत्येक दोष मी शोधून काढलाय, हाताने, स्लाइड स्लाइड उघडून. म्हणून मला माझ्या कामाचा गर्व होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते त्या गर्वामुळेच झालं.

इच्छापोरच्या एका मोठ्या कारखान्याचं काम आमच्याकडे आलं. तिथे ठेकेदारामार्फत माणसं भरतात. गेटचा पास मिळण्याआधी प्रत्येकाने ट्रेनिंगच्या खोलीत बसून आमचा धडा पूर्ण करायचा. हिंदी, गुजराती आणि मराठी, अशा तीन भाषा. कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर फार काटेकोर माणूस. पहिल्या सहा स्लाइड आपोआप पुढे सरकल्या तरी चालतील, त्यात नुसती ओळख आहे, असं तो म्हणाला. सातवीपासून मात्र माणसाने स्वतःच्या बोटाने बटन दाबलं पाहिजे. जागा आहे की झोपलाय, ते कळायला नको? आणि आवाज पूर्ण ऐकल्याशिवाय बटन लागता कामा नये. कोणी मागे गेला तर खूण पुसायची, म्हणजे त्याला परत सगळं ऐकावं लागेल. मी तसं केलं. तीन महिने लागले.

हिंदी आणि गुजराती आधी झालं. त्या दोन्हींत सातवीपासून प्रत्येक स्लाइडच्या शेवटी आवाज म्हणायचा, आता हिरवं बटन दाबून पुढे जा. मराठीची पाळी आली तेव्हा मला ते वाक्य खटकलं. तेवीस स्लाइड आणि त्यात सतरा वेळा तेच तुणतुणं. आपल्या लोकांना काय लहान पोरं समजायचं? बटन हिरवं होतंय, चमकतंय, डोळे आहेत ना त्यांना. मी ते वाक्य काढून टाकलं. आवाज संपतो, शांतता होते, बटन हिरवं होतं. मला ती शांतता फार सुबक वाटली. आमच्या सरांनी पाहिलं आणि तीनही भाषांत मराठीचं काम सर्वांत स्वच्छ झालंय असं म्हणाले. मी दोन दिवस हवेत होते.

आता आबांबद्दल. माझे वडील. अमळनेरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. लग्नाआधी सुरतेला आले आणि नवागामात राहून त्यांनी पस्तीस वर्षं लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर, काढली. एका खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, ते आठ लूम एकटे सांभाळायचे. मालकाने नवीन मशिनं आणली, त्यांना माणसं कमी लागतात, आणि आबा घरी बसले. आठ महिने. पस्तीस वर्षं आवाजात उभा राहिलेला माणूस घरात बसला की काय होतं ते आम्ही पाहिलं. ते टीव्ही मोठ्याने लावायचे आणि बघायचे नाहीत. माय बोलली तर "हूं" म्हणायचे. सकाळी डबा मिळायच्या वेळेला चप्पल घालून दारात उभे राहायचे आणि मग चप्पल काढून आत यायचे. ते पाहिलं की मला रडू यायचं आणि रागही यायचा, कोणाचा ते कळायचं नाही.

शेजारच्या एकाने ठेकेदाराला सांगितलं आणि इच्छापोरच्या त्याच कारखान्यात पॅकिंगच्या विभागात आबांचं नाव लागलं. सत्तावन्न वर्षांच्या माणसाला परत कोणी घेत नाही, हे आम्हाला माहीत होतं. अट एकच: ट्रेनिंगचा धडा पूर्ण करायचा. तीन संधी. तिसऱ्यांदाही अपूर्ण राहिलं की ठेकेदार नाव काढतो आणि दुसरा माणूस घेतो. मी म्हटलं, आबा, तो धडा मीच बनवलाय, झोपेत पण पास व्हाल. ते हसले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना नीट हसताना पाहिलं.

पहिल्या दिवशी दुपारी परत आले. मायने पाणी दिलं आणि मला फोन लावून त्यांच्या हातात दिला. ते म्हणाले, "आज नही व्हयनं. परवादिन परत बलायेल शे."

"काय नही व्हयनं?" मी ऑफिसातून फोनवर विचारलं.

"पुरं नही व्हयनं."

मला वाटलं, चष्मा विसरले असतील. मी फोनवरच चार शब्द सुनावले, नीट लक्ष द्या, टिवल्याबावल्या करू नका. बापाला असं बोलायला नको होतं. परवा परत गेले आणि परत तेच. अपूर्ण. या वेळी त्यांनी चप्पल काढली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. शनिवारी शेवटची संधी होती.

त्याच आठवड्यात कारखान्याकडून ऑफिसात तक्रार आली: मराठी धडा सातव्या स्लाइडवर अडकतो. सगळ्यांचा नाही, काहींचा. आणि हा "काहींचा" शब्द म्हणजे माझ्या धंद्यातला सर्वांत मोठा डोक्याचा ताप. सगळ्यांचा अडकला तर दोष सापडतो. काहींचा अडकला तर तुम्ही दगडावर डोकं आपटा.

मी आपटलं. सातवी स्लाइड उघडली. ट्रिगर वरून खाली वाचले, खालून वर वाचले. आवाज संपला की खूण 'हो'. खूण 'हो' तर बटन हिरवं. चालतंय. टॅबवर घातलं, चालतंय. जुन्या टॅबवर घातलं, चालतंय. इंटरनेट बंद करून पाहिलं, मध्येच टॅब झोपवून पाहिला, हेडफोन काढून पाहिलं. चालतंय, चालतंय, चालतंय. व्हेरिएबलची नावं बदलली, परत जुनी ठेवली. आवाजाची फाइल नव्याने चढवली. एक अख्खी संध्याकाळ मी सातव्या स्लाइडवरचा तो हेल्मेट घातलेला कार्टून माणूस बघत होते आणि त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. सर विचारायचे, झालं का? मी म्हणायचे, दोषच दिसत नाही. ते म्हणायचे, मग लोक खोटं बोलतात का? मला म्हणायचं होतं, हो. मला खरंच तसंच वाटत होतं. बटन दाबता येत नाही आणि नावं आमच्या कामाला ठेवतात. माझे वडील त्या लोकांत आहेत हे मला माहीत होतं, तरी मला तसं वाटत होतं.

तक्रार मराठवाड्याकडून आलेल्या, आधी बांधकामावर असलेल्या माणसांची नव्हती, हे मी यादीत पाहिलं होतं. ते तेवीस स्लाइड ओलांडून केव्हाच पास झाले होते. पण मी त्यातून काहीच काढलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय लागली की शेळ्या वेगवेगळ्या आहेत हे दिसत नाही.

शुक्रवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि हजिऱ्याच्या रस्त्याने ट्रकांच्या मधून इच्छापोरला गेले. ट्रेनिंगची खोली म्हणजे पत्र्याच्या शेडमधली एक खोली, पाच खुर्च्या, पाच टॅब. ती सांभाळायला पन्नाशीचे एक गुजराती भाई होते, चहा पीत बसलेले. मी ऑफिसचं कार्ड दाखवलं आणि मागे उभी राहिले.

खिडकीजवळ एक पोक्त माणूस मराठी धडा बघत होता. बोलण्यावरून आमच्याच भागातला. पहिल्या सहा स्लाइड गेल्या. सातवी आली. आवाजाने सांगितलं की हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कसा बांधायचा. आवाज संपला. शांतता. बटन हिरवं झालं, लखलखीत. आणि त्या माणसाने ताबडतोब, एक क्षण न घालवता, डावीकडचा मागे जायचा बाण दाबला. सहावी स्लाइड परत सुरू झाली, आपोआप सातवीवर आली, आवाज पहिल्यापासून, पट्टा पहिल्यापासून. आवाज संपला. त्याने परत मागचा बाण दाबला.

चार वेळा हे पाहिल्यावर मी खाली बसले आणि विचारलं, "काय करी ऱ्हायनात दादा?"

"बंद पडनं नं ताई," तो म्हणाला. "मांगे जाईसन पाही ऱ्हायनू, कोठे तुटनं ते."

मला खातं आठवलं. आठ लूम एकदम चालतात तेव्हा खात्यात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. लूमवाला एकेक लूम बघत नसतो, तो ऐकत असतो. आठांतलं एक गप्प झालं की त्याची मान तिकडे वळते, पाय तिकडे चालायला लागतात. धागा तुटला असणार. मागे जायचं, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची, लूम चालू करायचं. आवाज चालू म्हणजे सगळं ठीक. आवाज थांबला म्हणजे काहीतरी तुटलं. हे मी लहानपणी खात्यात डबा द्यायला जायचे तेव्हा शेकडो वेळा पाहिलं होतं. आबांशी बोलता बोलता त्यांची मान फिरायची आणि ते वाक्य अर्धं टाकून जायचे. काखेत कळसा आणि मी तीन दिवस ट्रिगरांच्या यादीत गावाला वळसा घालत होते. ट्रिगरात दोष नव्हताच. आवाज थांबल्यावर पुढे जायचं असतं, हा माझा नियम होता, त्यांचा नव्हता. हिंदी आणि गुजरातीत आवाजच सांगत होता, पुढे जा. मराठीत सांगणारं वाक्य मी काढलं होतं. शहाणपणा केला होता.

मी त्या भाईंना विचारलं, मग ही माणसं पास कशी होतात?

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "बेन, आ बधा लूमवाळा अहीं ज अटकी जाय छे," ते म्हणाले. "हुं दबावी आपुं छुं." हे सगळे लूमवाले इथेच अडकतात, मी दाबून देतो. ठेकेदाराची घाई, बाहेर पुढची माणसं उभी. ते टॅब हातात घेतात, हिरवं दिसलं की दाबतात, शेवटचे प्रश्नही त्यांना पाठ आहेत. चार-पाच मिनिटांत काम फत्ते. मग माझ्याकडे बघून ते जरा ओशाळले आणि म्हणाले, सगळ्यांचं करतो, एक काका सोडून. "एक काका हाथ ज नथी लगाडवा देता. कहे छे, मारी दीकरीए बनाव्युं छे, एमां खोटुं न थाय."

माझ्या मुलीने बनवलंय, त्यात लबाडी करायची नाही.

मी त्यांना सांगितलं नाही की मी ती मुलगी. बाहेर येऊन स्कूटरवर बसले. दोन दिवस, दोन्ही वेळा पाऊण-पाऊण तास, आबा त्या खुर्चीत बसून मागे जात राहिले. तुटलेलं टोक शोधत राहिले. माझ्या कामात दोष असेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. आणि मी फोनवर टिवल्याबावल्या म्हटलं होतं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ऑफिसात आले आणि कामाला लागले. मराठी आवाज दिलेली बाई गावाला गेली होती. मग मागच्या कोठीत पंखा बंद करून मी स्वतःच ते वाक्य बोलले: इथे काही बिघडलेलं नाही, माझं बोलणं संपलं, आता हिरवं बटन दाबा. सातवीपासून पुढच्या सगळ्या स्लाइडवर ते जोडलं. बटन दाबलं नाही तर दहा सेकंदांनी परत बोलेल असा ट्रिगर लावला. मागचा बाण आवाज संपल्यावर काही क्षण लपवला. संध्याकाळी पाचला सगळं तयार होतं आणि मी कारखान्याच्या कोऑर्डिनेटरला फोन केला, आज चढवा. ती गोड आवाजात म्हणाली, बदलाचा अर्ज भरा, सेफ्टी ऑफिसर सोमवारी बघतील, मंजूर झाला की चढेल. मी म्हटलं, उद्या शनिवार आहे. ती म्हणाली, हो ना.

घरी आले तेव्हा आबा जेवायला बसत होते. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप त्यांच्या पुढ्यात ठेवला. जुनाच धडा, जो उद्या तिथे असणार होता. "आवाज थांबना की पुढे," मी म्हटलं. "मांगे नही. आवाज थांबना की हिरवं."

"समजनं," आबा म्हणाले.

सातवीवर आवाज थांबला, त्यांनी हिरवं दाबलं. आठवीवरही. नववीवरही. मला हायसं वाटलं. दहावीवर आवाज थांबला आणि त्यांचा हात डावीकडे गेला. मी म्हटलं, परत. पहिल्यापासून. या वेळी आठवीवरच गेला. तिसऱ्यांदा सातवीवर. मी ओरडले. माय आतून म्हणाली, हळू. आबा स्वतःच्या हाताकडे बघत होते, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखं.

"माले समजनं, पोरी," ते म्हणाले. "हातले समजत नही, त्याले काय करू?"

मग मी ते बोलले जे बोलायचं नव्हतं. "आबा, उद्या त्या माणूसले दाबू द्या. सर्वा तसंच करतस."

"खोटं काम माले जमत नही."

"मी बनाडेलच चुकीचं शे. मनी चूक शे, तुमनी नही."

त्यांनी मान हलवली. तू तीन महिने त्याच्यामागे बसली होतीस, तू चूक करशील? मी किती सांगितलं. वाक्य काढल्याचं सांगितलं, त्या दुसऱ्या माणसाचं सांगितलं, अर्जाचं सांगितलं. त्यांना माझ्या सांगण्यात फक्त एवढंच ऐकू आलं असावं की पोर बापासाठी स्वतःकडे कमीपणा घेतेय. शेवटी माय बाहेर आली आणि म्हणाली, आठ महिने मी ह्यांना दारात चप्पल घालताना बघितलंय, आता मला नाही बघायचं. एवढं बोलून ती परत आत गेली. आबांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, बरं.

शनिवारी दुपारी गेटचा पास घेऊन आले. गळ्यात दोरी, दोरीत कार्ड, कार्डावर फोटो. मायने त्यांच्या हातावर साखर ठेवली. मी विचारायच्या आधीच ते म्हणाले, "दाबू दिधं मी त्याले. चार मिनिटमा व्हयनं." आणि माझ्याकडे न बघता हात धुवायला गेले. पास मिळाल्याचा आनंद मला झाला, नाही असं नाही. पण त्या दिवसानंतर, तो धडा माझ्या मुलीने बनवलाय, असं त्यांनी कोणालाही सांगितल्याचं मी ऐकलं नाही. आधी शेजारीपाजारी, किराणावाला, सगळ्यांना सांगायचे.

सोमवारी सरांनी बोलावलं. त्यांच्या पडद्यावर कारखान्याचा रिपोर्ट होता. मराठी धडा: सगळे पूर्ण. एकही अपूर्ण नाही. शेवटचं अपूर्ण होतं तेही शनिवारी पूर्ण झालं, असं कोऑर्डिनेटरने मुद्दाम लिहिलं होतं. ते शेवटचं म्हणजे कोण, हे मला नंबर न बघताही कळलं. तेव्हा बदलाची गरज नाही, अर्ज बंद करत आहोत, धन्यवाद.

मी म्हटलं, सर, हा रिपोर्ट खोटा आहे. मी बघून आलेय. तिथे बटन दुसराच माणूस दाबतो.

सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, बरं, लिहून दे. आपण कारखान्याला कळवू. ते चौकशी करतील. मग ज्यांची बटनं दुसऱ्याने दाबली त्या सगळ्यांचे पास रद्द होतील, तो रूम सांभाळणारा जाईल, आणि ठेकेदार नवीन माणसं आणेल. नियम तसाच आहे. लिहितेस?

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. डोळ्यांसमोर ते कार्ड येत होतं, हातावरची साखर येत होती. सरांना माझ्या वडिलांबद्दल माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. मी म्हटलं, नको, राहू द्या. मी इतकी वर्षं ज्या कामावरून लोकांशी भांडले, त्या कामासाठी भांडायची वेळ आली तेव्हा मी दोन शब्दांत माघार घेतली. अर्ज बंद झाला. नवीन फाइल माझ्या कॉम्प्युटरवर अजून तशीच आहे.

त्या संध्याकाळी आबा पहिली पाळी करून आले होते. थकलेले होते, पण ते थकणं आम्हाला ओळखीचं होतं. माय आत गरम पाण्याचं बघत होती. मी त्यांच्याजवळ बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "सायरन वाजना तर काय करशात आबा?"

आबा जिथवर पोचलेच नाहीत त्या अकराव्या स्लाइडपासून पुढे तेच आहे. गॅस सुटला तर सायरन वाजतो, मग वारा कुठून येतोय ते बघायचं आणि त्याला आडवं चालायचं, जमायची जागा कुठली ते आधीच पाहून ठेवायचं. गर्दीच्या मागे धावायचं नाही, हे वाक्य मी त्यात दोनदा घातलं आहे.

आबांनी क्षणभरही विचार केला नाही. "सर्वा जठे पळतीन, तठे मी बी पळसू."

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, वारा, जागा, आडवं चालणं. ते मान हलवत राहिले. समजनं, समजनं. त्यांना समजलंही असेल. पण त्यांच्या पाळीतले ते बाकीचे सगळे, ज्यांच्या मागे ते पळणार, तेही लूमवरचेच आहेत, आणि त्या सगळ्यांची बटनं त्या एकाच भाईंनी दाबलेली आहेत.